क्रिप्टोच्या उलाढालीचा अंदाज आणि न्यूरल नेटवर्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाइम सिरीजचं, म्हणजे वेळेच्या ओळीने येणाऱ्या आकड्यांचं, काम करतो म्हटलं की समोरचा पहिल्या दोन मिनिटांत बिटकॉइनचा भाव विचारतो. भावातलं मला काही कळत नाही. उलाढालीतलं थोडंफार कळतं, कारण गेली काही वर्षं तेच दळण दळतोय. बीईच्या प्रोजेक्टला हा विषय घेतलेली मुलं, स्वतःचा बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) लिहायला बसलेले हौशी आणि ऑफिसात हे काम गळ्यात पडलेले काही जण, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय.

## उलाढाल म्हणजे नेमकं काय मोजायचं?

निम्मी मंडळी इथेच घसरतात. एक्स्चेंजच्या (क्रिप्टोची खरेदी-विक्री होते त्या ऑनलाइन बाजाराच्या) एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रामला डेटा देणाऱ्या खिडकीतून, कँडल (ठरावीक वेळेतल्या सौद्यांचा गोषवारा) उतरवली की एकाच ओळीत बहुधा दोन उलाढाली येतात: किती नाणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती एक, आणि त्यांचे डॉलर किंवा यूएसडीटी (डॉलरला बांधलेलं नाणं) किती झाले ती दुसरी. समजा एका तासात १,००० बिटकॉइनचे सौदे झाले. भाव २०,००० डॉलर असेल तर उलाढाल २ कोटी डॉलरची, ६०,००० असेल तर ६ कोटींची. बाजारातली लगबग तितकीच, आकडा तिप्पट. डॉलरमधली उलाढाल शिकवली की न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारा प्रोग्राम, नकळत भावच शिकायला लागतं, आणि मग भावाबरोबर तेही आपटतं. मी शक्यतो नाण्यांमध्ये मोजतो. दोन वेगळ्या नाण्यांची तुलना करायची असेल तेव्हाच डॉलरकडे वळतो.

आणखी एक गल्लत: एक्स्चेंजवरची उलाढाल आणि ब्लॉकचेनवरची, म्हणजे नाण्यांच्या सार्वजनिक नोंदींच्या साखळीवरची, उलाढाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्स्चेंजवर तुम्ही दिवसात शंभर सौदे केलेत तरी ते त्यांच्या वहीत लिहिले जातात. साखळीवर नोंद होते ती फक्त नाणी आत टाकताना किंवा बाहेर काढताना. इथे बोलतोय ते वहीतल्या सौद्यांबद्दल.

## भाव सोडून उलाढालीचा अंदाज कशाला?

ज्याला मोठा सौदा करायचाय त्याला विचारा. पाचशे बिटकॉइन एकदम विकायला काढले तर भाव तुमच्याच ओझ्याने खाली बसतो. म्हणून सौद्याचे तुकडे करून दिवसभरात पसरायचे, जिथे गर्दी जास्त तिथे मोठा तुकडा, जिथे शुकशुकाट तिथे छोटा. हे करायला पुढच्या काही तासांची गर्दी आधी कळायला हवी. एक्स्चेंज चालवणाऱ्यांना सर्व्हरसाठी तोच आकडा हवा असतो.

शिवाय एक मूलभूत फरक आहे. उद्याचा भाव कुणाला कळला तर तो आजच खरेदी करतो आणि त्या खरेदीनेच त्याचं ज्ञान निकामी होतं. उलाढालीचं तसं नाही. संध्याकाळी गर्दी होणार हे सगळ्यांना माहीत असलं तरी गर्दी होतेच. आठवडी बाजाराच्या दिवशी कांद्याचा भाव काय फुटेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. बैलगाडी लावायला जागा मिळणार नाही, एवढं मात्र कुणीही सांगेल.

## म्हणजे उलाढाल खरंच सांगता येते?

बऱ्यापैकी. त्यातला मोठा वाटा दोन गोष्टींचा. पहिली, गर्दी गर्दीला धरून येते: मागचे काही तास धामधुमीचे असतील तर पुढचा तासही बहुधा तसाच जातो. दुसरी गोष्ट घड्याळ.

क्रिप्टोचा बाजार चोवीस तास उघडा असतो हे खरं, पण माणसं चोवीस तास जागी नसतात. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तिथल्या सकाळी साडेनऊला उघडतो. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. त्या सुमाराला बिटकॉइनची उलाढाल चढते. शनिवार-रविवारी ती मंदावते. पर्पेच्युअल फ्युचर्सचं (मुदत नसलेल्या वायद्यांचं) फंडिंग, म्हणजे त्यातल्या दोन बाजूंनी एकमेकांना द्यायची रक्कम, अनेक एक्स्चेंजवर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे) ०, ८ आणि १६ वाजता चुकती होते, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच, दुपारी दीड आणि रात्री साडेनऊला. डेरिबिट या एक्स्चेंजवरचे आठवड्याचे ऑप्शन्स (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याचे हक्क) शुक्रवारी यूटीसी आठला संपतात, म्हणजे तेही आपल्या दुपारी दीडला.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. तुमच्या इनपुटमध्ये फक्त यूटीसीचा तास असेल तर त्या आठवड्यात मॉडेल एक तास चुकीच्या ठिकाणी गर्दीची वाट बघत बसतं. न्यूयॉर्कचा स्थानिक तास वेगळा रकाना म्हणून द्या. दोन ओळींचं काम आहे, आणि नेटवर्कचा आकार वाढवून जे मिळत नाही ते यातून मिळतं.

## सुरुवात कुठून करू?

नेटवर्कपासून नको. आधी एक पद्धत तयार ठेवा, जिला मी "मागील पानावरून पुढे चालू" म्हणतो. मागच्या आठवड्यात याच वारी, याच तासाला जी उलाढाल झाली तीच आज होईल, असा अंदाज. एक ओळ कोड. मग थोडी शहाणी आवृत्ती: मागच्या तासाची, मागच्या २४ तासांची आणि मागच्या आठवड्याची सरासरी घेऊन साधं रिग्रेशन, म्हणजे प्रत्येकीला वजन देऊन बांधलेलं सरळ सूत्र. चंचलतेच्या (भाव किती हिंदकळेल त्याच्या) अंदाजासाठी एचएआर नावाचं मॉडेल वापरतात, कल्पना तीच.

या दोघांना हरवता आलं तरच नेटवर्कची भाषा करायची. माझ्या अनुभवात नेटवर्क जिंकतं, पण बोटभर अंतराने, आणि तेही तासाच्या किंवा त्याहून बारीक डेटावर. हे ऐकून प्रोजेक्टवाल्यांचे चेहरे पडतात. गाइडला दाखवायला "डीप लर्निंग" हवंच असेल तर करा, पण रिपोर्टात बेसलाइनचा, म्हणजे या साध्या पद्धतींचा, रकाना लपवू नका. परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न तोच विचारेल.

## एलएसटीएम, जीआरयू की ट्रान्सफॉर्मर?

ही तिन्ही ओळीने येणारा डेटा शिकणाऱ्या नेटवर्कची घडण आहे. एलएसटीएम हॉखराइटर आणि श्मिडहुबर या संशोधकांनी १९९७ साली मांडलं, जीआरयू २०१४ मध्ये आलं, ट्रान्सफॉर्मर २०१७ मध्ये. नवं तेच चांगलं असं इथे होत नाही, कारण डेटा तोकडा असतो. हिशोब करून बघा. दहा इनपुट आणि ६४ युनिटचा (युनिट म्हणजे हिशोब करणारा एक छोटा घटक) एकच एलएसटीएम थर घेतला तर शिकायचे आकडे १९,२०० होतात. पाच वर्षांचा रोजचा डेटा म्हणजे १,८२६ ओळी. एका ओळीमागे दहा आकडे! असं नेटवर्क शिकत नाही, घोकंपट्टी करतं. तासाचा डेटा घेतला तर पाच वर्षांच्या ४३,८०० च्या वर ओळी मिळतात, मग जरा बोलता येतं.

मी ३२ युनिटचं जीआरयू घेतो आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. अनेक नाणी एकत्र शिकवायची असतील तर ट्रान्सफॉर्मरचा विचार करता येतो. एका बिटकॉइनसाठी तो म्हणजे मच्छर मारायला तोफ.

## इनपुटला काय काय द्यायचं?

उलाढालीचा लॉग (लॉगॅरिदम), सौद्यांची संख्या, कँडलमधला उच्चांक आणि नीचांक यांतलं अंतर, खरेदीदाराने पुढाकार घेऊन केलेल्या सौद्यांचा वाटा, तास आणि वार. लॉग घेणं सक्तीचं समजा. उलाढालीचा एखादा तास नेहमीच्या वीसपट असू शकतो, आणि लॉग न घेता शिकवलं तर नेटवर्क त्या चार-दोन तासांच्याच नादी लागतं.

गुगल ट्रेंड्स, म्हणजे एखादा शब्द गुगलवर किती शोधला गेला त्याचा आकडा, बरेच जण टाकतात. त्यात एक खोच आहे. तिथला आकडा ० ते १०० मध्ये असतो, आणि १०० म्हणजे तुम्ही निवडलेल्या काळातलं सर्वांत मोठं शिखर. २०१९ ते २०२४ चा डेटा एकदम उतरवलात तर २०१९ चा आकडा त्याच्या पुढच्या शिखराने भागलेला असतो. म्हणजे २०१९ मधल्या मॉडेलला पुढे केवढी लाट येणार याची कुणकुण लागलेली असते. संपूर्ण डेटावर मिन-मॅक्स स्केलिंग (सर्वांत छोटा आकडा ० आणि सर्वांत मोठा १ धरून बाकीचे मधे बसवणं) करणारेही हीच चूक करतात. स्केलर, म्हणजे हे माप, फक्त ट्रेनिंगच्या (मॉडेलला शिकवायच्या) भागावर बसवायचा.

## माझा आलेख इतका छान जुळतो, तरी तुम्ही नाक का मुरडता?

कारण दोन्ही रेषा नीट मोठ्या करून बघितल्या की अंदाजाची रेषा खऱ्या रेषेच्या एक तास मागून चालताना दिसते, सावलीसारखी. नेटवर्कने शिकलंय एवढंच की मागचा आकडा थोडा बोथट करून पुढे सरकवायचा. दुरून बघितलं तर दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्यासारख्या वाटतात. पडताळा सोपा आहे: अंदाजाची रेषा एक तास मागे सरकवा आणि पुन्हा जुळवा. आधीपेक्षा जास्त जुळली तर तुमचं न्यूरल नेटवर्क म्हणजे महागडं "मागील पानावरून पुढे चालू" आहे, फक्त मागच्या आठवड्याऐवजी मागच्या तासाचं.

## डेटा लीक होतोय हे कसं ओळखायचं?

लीक म्हणजे अंदाजाच्या वेळी हाती नसायला हवा असा पुढचा डेटा मॉडेलला आधीच मिळणं. निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला की पेढे वाटू नका, संशय घ्या. माझीच फजिती सांगतो.

एकदा मी एका भारतीय एक्स्चेंजच्या रोजच्या उलाढालीचा अंदाज बांधत होतो. इथला दिवस आपल्या घड्याळाने, रात्री बारा ते रात्री बारा. सोबत इनपुट म्हणून एका परदेशी एक्स्चेंजची आदल्या दिवसाची उलाढाल घेतली. तिथला दिवस यूटीसीचा. यूटीसीचा सोमवार संपतो तेव्हा आपल्याकडे मंगळवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. मी मंगळवारचा अंदाज सोमवार संपतो त्या मध्यरात्री करतोय असं धरून चाललो होतो, आणि हाताशी घेतलेल्या "सोमवारच्या" आकड्यात मंगळवारचे पहिले साडेपाच तास आधीच मिसळलेले होते. मॉडेल झकास चाललं. तीन आठवडे मी खुशीत. मग एका रात्री ठीक बारा वाजता स्क्रिप्ट खरोखर चालवली, तर सोमवारची ओळ अजून भरतच होती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुरुस्ती केल्यावर नेटवर्क आणि साधं रिग्रेशन पुन्हा खांद्याला खांदा लावून उभे.

## बॅकटेस्टमध्ये (जुन्या डेटावरच्या चाचणीत) ठीक, पण लाइव्ह चालवलं की अंदाज पडतो. का?

दहापैकी आठ वेळा कारण शेवटची कँडल. सकाळी ९:४२ ला तासाच्या कँडल मागवल्यात समजा. यूटीसीचा तास आपल्याकडे अर्ध्यावर सुरू होतो, म्हणून शेवटची ओळ ९:३० ची येते आणि तिच्यात बाराच मिनिटांचे सौदे असतात. आधीच्या ओळी ९८०, १,०४०, १,११० अशा, आणि शेवटची २१५. नेटवर्कला वाटतं बाजार झोपला. प्रत्येक ओळीची कँडल बंद होण्याची वेळ बघा, ती आत्ताच्या वेळेपुढे असेल तर ओळ टाकून द्या.

## एक्स्चेंज सांगतात ते आकडे खरे असतात का?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मार्च २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या एसईसीपुढे (तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकापुढे) सादरीकरण केलं. त्यांनी ८१ एक्स्चेंज तपासले. बिटकॉइनची रोजची उलाढाल सांगितली जात होती सुमारे ६०० कोटी डॉलर. त्यांच्या मते खरी होती सुमारे २७ कोटी ३० लाख. बाकी ९५ टक्के खोटी किंवा निरर्थक. त्या वेळी बिटवाइजला स्वतःचा बिटकॉइन ईटीएफ (शेअर बाजारात विकला जाणारा फंड) मंजूर करून घ्यायचा होता, तेव्हा खरा बाजार छोटा पण स्वच्छ आहे असं दाखवण्यात त्यांचाही स्वार्थ होता, हे ध्यानात ठेवा. तरी नंतरच्या शैक्षणिक अभ्यासांनीही नियमनाबाहेरच्या एक्स्चेंजवर खोटे सौदे मोठ्या प्रमाणात असल्याचंच दाखवलं.

खोटी उलाढाल म्हणजे आपणच विकायचं, आपणच घ्यायचं. या खिशातून त्या खिशात. क्रमवारीत वर दिसायला, नवीन नाण्यांकडून लिस्टिंगची (एक्स्चेंजवर घेण्याची) फी उकळायला याचा उपयोग होतो.

आता गंमत बघा. खोटी उलाढाल बॉट करतो, आणि बॉट एका सूत्राने चालतो. सूत्र शिकण्यात नेटवर्क पटाईत. त्यामुळे सगळ्यांत बनावट एक्स्चेंजवर तुमचा स्कोअर सगळ्यांत भारी येऊ शकतो. एका विद्यार्थ्याने मला असा निकाल मोठ्या अभिमानाने पाठवला होता. मी त्याला त्या एक्स्चेंजचा तासवार सरासरीचा आलेख काढायला सांगितलं. पहाटे आणि संध्याकाळ सारखीच, रविवार आणि मंगळवार सारखेच, गादीसारखा सपाट. माणसांचा बाजार असा नसतो. सौद्यांच्या आकारांकडेही बघा. माणसं ०.१, ०.५, १ असे गोल आकडे आवडीने टाकतात, त्यामुळे खऱ्या बाजारात तिथे उंचवटे दिसतात.

फी हा दुसरा धागा. फुकटात सौदे करता येतात तिथे उलाढाल फुगते. चीनमध्ये २०१६ च्या अखेरीस मोठे एक्स्चेंज फी घेत नव्हते आणि जगातली बहुतांश बिटकॉइन उलाढाल युआनमध्ये दिसत होती. मध्यवर्ती बँकेच्या तपासणीनंतर २४ जानेवारी २०१७ पासून त्यांनी ०.२ टक्के फी लावली आणि तो डोंगर काही दिवसांत ओसरला. बायनान्स या एक्स्चेंजने ८ जुलै २०२२ ला बिटकॉइनच्या काही जोड्यांवरची (बिटकॉइन आणि ते ज्यात घेतात-विकतात ते चलन) फी काढली, तेव्हा आकडे उसळले. २२ मार्च २०२३ ला बहुतेक जोड्यांवर ती परत आली, तेव्हा बसले. तुमच्या ट्रेनिंगच्या काळात हे साडेआठ महिने येत असतील तर फीचा दर हा इनपुट द्याच, नाहीतर तो काळ वगळा.

## भारतीय एक्स्चेंजवर हेच मॉडेल चालेल का?

चालेल, पण इथे बाजारापेक्षा सरकारी तारखा जास्त हलवतात. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं, आणि ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला आणि १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस.

उलाढालीचं कंबरडं मोडलं ते या एका टक्क्याने. एक लाख रुपये घेऊन बसलेल्या माणसाने नफा-तोटा न होता पन्नास वेळा घेतलं आणि विकलं, तर त्याच्या हातात खेळायला साधारण ६०,५०० उरतात. बाकीचे रिटर्न भरेपर्यंत अडकलेले. दिवसात दहा-वीस सौदे करणाऱ्याने काय करायचं? बरेच जण परदेशी एक्स्चेंजकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूने (केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता शाखेने) तशा नऊ एक्स्चेंजना नोटिसा काढल्यावर वारं पुन्हा थोडं फिरलं. मग १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन २३ कोटी डॉलरच्या आसपासची मालमत्ता गेली आणि तिथले व्यवहार थांबले.

जून २०२२ पर्यंतच्या डेटावर शिकलेल्या नेटवर्कला जुलैतला बाजार ओळखूच येणार नाही. मी भारतीय डेटा घेतो तेव्हा १ जुलै २०२२ च्या आधीचा भाग सरळ कापून टाकतो.

## चूक कशी मोजायची? एमएपीई चालेल?

एमएपीई, म्हणजे चूक खऱ्या आकड्याच्या किती टक्के त्याची सरासरी, एकतर्फी आहे. खरी उलाढाल २०० असताना ४०० सांगितलं तर चूक १०० टक्के. खरी ४०० असताना २०० सांगितलं तर ५०. नेटवर्क हुशार, ते कमी सांगून सुटायला शिकतं. लॉगमधली सरासरी चूक बघा, ती दोन्हीकडे सारखी मोजते.

लॉगवरून परत येतानाही एक फट आहे. लॉगच्या सरासरीचा घातांक घेतला की मधला आकडा मिळतो, सरासरी नाही. लॉगमधल्या चुकांचं प्रमाण विचलन (त्यांचा पसारा) ०.५ असेल तर सरासरी त्याहून साधारण १३ टक्के वर असते. दिवसाची बेरीज करताना हे विसरलात तर रोज कमी भरेल.

## अचानकच्या उसळीचं काय?

ती सांगता येत नाही. १२ मार्च २०२० ची पडझड किंवा नोव्हेंबर २०२२ मधलं एफटीएक्स या एक्स्चेंजचं दिवाळं कुठल्याही मागच्या कँडलमध्ये लिहिलेलं नव्हतं. ९ जानेवारी २०२४ ला तर एसईसीचं एक्सवरचं (पूर्वीच्या ट्विटरवरचं) खातंच कुणीतरी बळकावलं आणि ईटीएफ मंजूर झाल्याची खोटी पोस्ट टाकली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजले होते. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. असली गोष्ट कुठलं जीआरयू सांगणार?

एकच आकडा सांगण्याऐवजी तीन सांगा: खालचा, मधला, वरचा. क्वांटाइल लॉस नावाची चूक मोजायची पद्धत वापरली की नेटवर्क १०, ५० आणि ९० टक्क्यांचे आकडे देतं, म्हणजे खरी उलाढाल ज्यांच्या खाली राहण्याची शक्यता तेवढी टक्के असे. उसळी तरीही चुकते, पण सुरू झाल्यावर पुढच्या तासांचा पट्टा रुंद होतो, आणि सौद्याचे तुकडे करणाऱ्याला तेवढं पुरतं.

## हाफिंगची तारीख इनपुट द्यावी का?

नको. हाफिंग म्हणजे नव्या बिटकॉइनची निर्मिती निम्मी होणं, आणि त्याची २०१२, २०१६, २०२०, २०२४ ही चारच उदाहरणं आहेत. चार उदाहरणांवर माणूसही काही शिकत नाही.

## जीपीयू (मोठ्या हिशोबांसाठीची वेगळी चिप) लागतो का?

नाही. वर सांगितलेलं जीआरयू साध्या लॅपटॉपवर चहा होईपर्यंत शिकून होतं.

## यातून पैसे मिळतील?

गर्दी किती होईल ते कळलं म्हणून भाव कुठे जाईल ते कळत नाही. मोठा सौदा कमी खर्चात उरकायला उपयोग होतो. तुमचा सौदा पाच-दहा हजारांचा असेल तर काहीच नाही.

## मॉडेल किती दिवसांनी पुन्हा शिकवायचं?

मी महिन्याला एकदा शिकवतो, मागचं दीड वर्ष घेऊन, आणि पुढच्या महिन्यावर तपासतो. शेजारी बेसलाइन कायम चालू असते. सलग आठवडाभर बेसलाइन जिंकत असेल तर थर आणि युनिट यांना हात लावायच्या आधी एक्स्चेंजचं घोषणांचं पान उघडतो. मागच्या खेपेला तिथे एका ओळीत लिहिलं होतं की चार जोड्यांवरची फी बदलली आहे.